दात छापलेला कागद

सनीव्हेलमधल्या मराठी घरात भारतातून आईवडील आले, की पहिल्या आठवड्यात त्यांची झोप जागेवर येते, दुसऱ्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोचा लाल पूल बघून होतो आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, "मग वेगासचं काय ठरलं?" तिकिटं, हॉटेल, सुट्टी यांतलं काहीही ठरायच्या आत दुसरं कुणीतरी म्हणतं, "शैलाताईंना फोन केला का?" या दुसऱ्या वाक्याची मला सात-आठ वर्षं चीड होती. शैलाताई आता इथं राहत नाहीत, त्यामुळे सांगायला हरकत नाही. मी त्यांच्यावर जळायचे. हेवा हा शब्द त्याला फार सभ्य होईल.

आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्या, पहाटे उठून पूजा करणाऱ्या माणसांना आपण जुगाराच्या गावात का नेतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण नेतो. न नेलं तर परत गेल्यावर त्यांचे शेजारी विचारतात, "वेगास नाही दाखवलं?" आणि आईवडील मुलांची बाजू सावरत बसतात. तेव्हा जावं लागतं, आणि जायचं म्हटलं की शैलाताई.

त्या आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, स्विमिंग पूलच्या पलीकडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायच्या. मूळच्या सांगलीच्या. वय साठीच्या पुढे, उंची बेताची, केस मानेपर्यंत कापलेले आणि पायात बारा महिने तेच करडे बूट, अंगावर पैठणी असली तरी. एका डेंटिस्टच्या ऑफिसात त्या फ्रंट डेस्क सांभाळायच्या. त्यांचे यजमान कंपनीचे स्टॉल मांडायला वर्षातून दोन-तीनदा वेगासच्या प्रदर्शनांना जायचे आणि ह्या बरोबर जायच्या. ते दिवसभर हॉलमध्ये, ह्या दिवसभर पायी. पंधरा वर्षं ह्या बाईनं ते गाव एकटीनं चालून काढलं. कुठल्या हॉटेलात कुठला सरकता जिना नेहमी बंद असतो, बाथरूम जुगाराच्या यंत्रांना किती वळसे घालून येतं, कुठल्या कोपऱ्यात म्हाताऱ्या माणसाला बसायला बाक आहे, हे सगळं त्यांच्या पायांत होतं. मी इथं राहायला आले तेव्हा यजमान गेलेले होते. वेगासला जाणंही संपलं होतं. माहिती तेवढी राहिली होती, आणि ती दरवर्षी कुणाला तरी फोन करून ताजी करून घ्यायच्या.

आता माझं सांगते. मी प्रोग्रॅम मॅनेजर आहे. चार टाइमझोनमधल्या माणसांकडून वेळेवर काम करून घेणं हा माझा व्यवसाय आहे आणि मी तो बरा करते. वेगासची माझी एक शीट होती. रंगीत. हॉटेलं, एकमेकांपासूनची अंतरं, शो, शाकाहारी जेवण, बुकिंग रद्द करायची शेवटची तारीख, सगळं. ही शीट मी तीन-चार कुटुंबांना आपण होऊन पाठवली. "सुपर आहे गं, उज्ज्वला," असं सगळ्यांनी कळवलं आणि शैलाताईंना फोन लावला.

शैलाताईंची काम करायची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती गणपतीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचा एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणात. आमच्या कॉम्प्लेक्समधला निखिल आपल्या वडिलांना घेऊन आला होता. साताऱ्याचे निवृत्त तलाठी, पांढरी टोपी, बोलणं कमी. निखिलनं फोन काढून विचारलं, "शैलाताई, हॉटेल कुठलं बुक करू? रिसॉर्ट फी पकडून महाग पडतंय यार सगळं."

"ते तू बघ," शैलाताई म्हणाल्या. "मला बाबांशी बोलू दे."

आणि त्यांनी खुर्ची वळवून म्हाताऱ्याकडे तोंड केलं. गुडघा कुठला दुखतो? चढताना की उतरताना? सकाळी किती वाजता उठता? चहाच्या आधी गोळी असते का? गर्दीत कुणी हात धरलेला आवडतो की राग येतो? हा शेवटचा प्रश्न ऐकून आजोबा पहिल्यांदा हसले. "राग येतो," म्हणाले. "पोरगा सारखा धरतोय." निखिल तिथंच उभा होता, हातात मोदकांची प्लेट घेऊन.

मग शैलाताईंनी पर्समधून पॅड काढलं. डेंटिस्टच्या ऑफिसचं पॅड, प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात एक हसरा दात छापलेला. काळ्या जाड मार्करनं त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं, आणि लिहिताना मोठ्यानं बोलत होत्या.

"नवे बूट घालायचे नाहीत, रोजचे घाला. दिसतंय जवळ, पण आहे लांब, हे लक्षात ठेवायचं. समोरचं हॉटेल समोर नसतं, मध्ये अर्धा तास असतो. रस्ता ओलांडायला पूल आहेत, पुलाच्या बाजूला लिफ्ट असते, ती शोधायची. बाहेर भट्टी आणि आत बर्फ, तेव्हा स्वेटर हातात. नाकाला आतून खोबरेल तेल लावा, नाहीतर रक्त येतं, हवा कोरडी आहे. फुटपाथवर पोरं चिठ्ठ्या वाटतात, बघण्यासारख्या नसतात, दोन्ही हात पाठीमागे ठेवून चालायचं. पिसं लावलेल्या बायका फोटोला बोलावतील, त्या फुकट नसतात. आणि बाबा, हरवलात तर हलायचं नाही. हरवलेल्या माणसानं चालायचं नसतं. शोधणाऱ्यानं चालायचं. युनिफॉर्मवाला माणूस बघायचा, त्याच्याजवळ बसायचं, हा कागद दाखवायचा."

कागदाच्या मागे त्यांनी निखिलचा नंबर लिहिला आणि कागद निखिलला न देता आजोबांच्या खिशात घातला.

पुढं काय झालं ते आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. आजोबा खरंच हरवले. निखिल आणि त्याची बायको तीन हॉटेलं पळत फिरले, घामाघूम. आजोबांनी जिथं चुकामूक झाली तिथून वीस पावलांवर एका सिक्युरिटी गार्डच्या शेजारी खुर्ची मिळवली होती आणि कागद त्याला दाखवून ते स्वस्थ बसले होते. गार्डनं त्यांना पाणी आणून दिलं होतं. निखिल पोचला तेव्हा आजोबा त्यालाच म्हणाले, "तू कुठं हरवला होतास?"

सगळे हसले ही गोष्ट ऐकून. मीही हसले. घरी आल्यावर मी माझ्या शीटमध्ये 'हरवल्यास' नावाचा एक कॉलम वाढवला, आणि तो कुणी उघडलाही नाही.

तरीही हे सगळं दुसऱ्यांच्या आईवडिलांचं होतं. माझी आई नागपूरहून आली तेव्हा गोष्ट वेगळी झाली.

बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरत असलेले, आणि पहिल्यांदाच परदेशात. बाबांच्या हयातीत ते दोघं कधी आले नाहीत. बाबा हेडमास्तर होते, त्यांना मुलीच्या घरी सहा महिने राहणं पटत नव्हतं. आता ती एकटी आली होती आणि मी मनाशी ठरवलं होतं, की हे सहा महिने मी तिला सोडणार नाही. कॉलेजपासून मी घराबाहेर. आईशी माझं बोलणं रविवारच्या फोनवर झालं, तेही औषधं आणि पावसापाण्याचं. मला तिच्याशी खरं बोलायचं होतं. तिनं मला काहीतरी सांगावं, जे ती दुसऱ्या कुणाला सांगत नाही, एवढीच माझी अपेक्षा होती.

दुसऱ्याच आठवड्यात आई सकाळी चालायला गेली आणि एक तासानं हसत परत आली. "एक बाई भेटली गं, त्या स्विमिंग पूलपाशी. सांगलीची आहे. किती मोकळी बोलून राहिली होती!"

मी विचारलं, "करडे बूट होते?"

"हो. तुला कसं माहीत?"

तिथून पुढं रोज. सकाळी चालणं, आणि दुपारी मी मीटिंगमध्ये असताना फोन. माझ्या ऑफिसच्या खोलीचं दार बंद असलं तरी स्वयंपाकघरातून आईचं हसणं ऐकू यायचं. मी हेडफोन काढून ऐकायचे, शब्द कळायचे नाहीत. मी बाहेर आले की आई फोन आवरता घ्यायची. "ठेवते हं शैला. उजूची मीटिंग झाली." मी विचारायचे, "काय बोलत होतीस?" ती म्हणायची, "काही नाही, असंच." माझ्यासाठी असंच आणि शैलाताईंसाठी तास तास.

समीरला, माझ्या नवऱ्याला, मी हे एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, चांगलंच आहे ना यार. त्यांना कंपनी मिळाली." रिया पंधरा वर्षांची, ती कानातला इअरबड न काढता म्हणाली, "ममा, यू आर लिटरली जेलस ऑफ अ नेबर." मी म्हटलं, मराठीत बोल. ती म्हणाली, "जळतेस तू." हा शब्द ती माझ्या आईकडून शिकली होती, महिनाभरातच.

वेगासचं ठरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, की या ट्रिपला शैलाताईंचा कागद येणार नाही. आईच्या पंचाहत्तरीची ट्रिप होती. ती माझी होती. "तिचं काही विचारायचं नाही आई. मी सगळं बघितलंय." आई म्हणाली, "बरं." माझ्या घरी ती प्रत्येक गोष्टीला बरं म्हणायची, आणि ते मला तेव्हा गोड वाटायचं.

सॅन होजेहून विमानानं दीड तास. हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या मी आईचा दहीभात आणि डोळ्यांत घालायचे थेंब ठेवायला खोलीतला छोटा फ्रिज उघडला. तो बाटल्या, चॉकलेटं, बदामाच्या पुड्या यांनी ठासून भरलेला. मी एकेक काढून टेबलावर रांगेत मांडलं आणि डबा आत सारला. दहा मिनिटांत टीव्हीच्या पडद्यावर त्या सगळ्या वस्तू माझ्या नावावर चढलेल्या दिसल्या. वस्तू उचलली की यंत्राला कळतं म्हणे. मी खाली जाऊन रिसेप्शनच्या डेस्कपाशी पाऊण तास उभी राहिले. परत आले तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर धरून.

"शैलानं सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "त्या फ्रिजला हात लावायचा नाही. डेस्कवर औषधासाठी म्हणून मागितला की रिकामा देतात."

"मग बोलली का नाहीस? मी समोर एकेक बाटली काढत होते!"

"तू म्हणालीस ना, तिचं काही काढायचं नाही."

मी चिडले. फार चिडले. आईनं पर्समधून लाडू काढून माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही, मग थोड्या वेळानं घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझ्या शीटमध्ये 'निवांत नाश्ता' असं होतं. आई साडेपाचलाच उठून, आंघोळ करून, आकाशी साडी नेसून तयार. पायात रोजच्या चपला, त्यांत मोजे. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "उजू, मला दहा मिनिटं त्या मशिनींपाशी जायचंय."

"बघायला?"

"खेळायला."

समीर हसायला लागला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लिफ्ट उघडली आणि माझी आई, जी रस्ता ओलांडताना माझी बाही धरते, सरळ त्या मोठ्या हॉलमध्ये चालू लागली. सकाळची वेळ, माणसं तुरळक, धूर नाही. ती रांगेमागून रांग बघत गेली आणि एका टोकाच्या यंत्रापाशी थांबली. खुर्चीला पाठ होती. शेजारून जायची वाट होती, आणि त्या वाटेवरच रियाला उभं राहायचं होतं, कारण एकवीसच्या आतल्या मुलांना यंत्रांपाशी थांबू देत नाहीत. आईनं मागे वळून बघितलं, रिया दिसते का याची खात्री केली, आणि बसली. ब्लाउजमधून एक छोटा बटवा काढला. त्यातली नोट काढून, सरळ करून, बरोबर खाचेत घातली. मी पुढं झाले मदत करायला. "असू दे," ती म्हणाली.

आणि ती खेळली. बटण दाबताना ती ओठ मिटून घ्यायची आणि चाकं थांबली की सगळा चेहरा उघडायचा. एकदा कसलीतरी घंटा वाजली तर तिनं टाळी वाजवली. वाटेवरून रिया ओरडली, "आजी इज किलिंग इट!" गार्डनं तिला पुढं चालायची खूण केली, ती दोन पावलं पुढं गेली आणि परत मागे आली. माझ्या आईचा असा चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझ्या लग्नात नाही, रिया झाली तेव्हा नाही. बाबांच्या शेजारी बसलेल्या कुठल्याच फोटोत नाही.

नोट संपली. आई लगेच उठली. "झालं," म्हणाली, आणि बटवा आत ठेवला.

नाश्त्याला बसल्यावर मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" उत्तर मला माहीत होतं.

"शैलानं. महिनाभर सांगत होती फोनवर. सकाळी जायचं, धूर नसतो. टोकाचं मशीन घ्यायचं, म्हणजे रियाला वाटेवरून दिसेल. एकच नोट न्यायची, बाकीचं खोलीत. काही उरलं तर मशीन चिठ्ठी देते, ती विसरायची नाही." मग चहात साखर हलवत म्हणाली, "यवतमाळला माहेरी आम्ही पाची बहिणी दिवाळीत चार दिवस पत्ते कुटायचो. मी सगळ्यांत हुशार होती. तुझ्या बाबांना आवडायचं नाही घरात. सोडलं मग."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढी शीट केली होतीस ना बापा. त्यात कुठं बसवणार होतीस हे?"

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. सेहेचाळीस वर्षांत मला माहीत नव्हतं की माझ्या आईला पत्ते येतात. करड्या बुटांच्या बाईला चार महिन्यांत कळलं होतं. वर तिनं मशीनसुद्धा असं निवडून दिलं, की माझी लेक आजीला बघू शकेल. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. त्या तीन दिवसांत आम्ही कारंजी पाहिली, एक शो पाहिला, आई सगळ्याला छान म्हणाली, आणि मी शैलाताईंचा मनापासून द्वेष करत होते.

दिवाळीआधी आई परत गेली. तिकडे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते काही नीट झालं नाही, आणि इतका लांब प्रवास आता नको असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे ते सहा महिने झाले तेवढेच. रविवारच्या फोनवर पुन्हा औषधं आणि पाऊसपाणी सुरू झालं, आणि मध्येच तिचा प्रश्न, "शैला कशी आहे?"

मार्चमध्ये पाहुणे येणार होते म्हणून आईच्या खोलीतला ड्रॉवर रिकामा करायला घेतला. खाली पसरलेल्या वर्तमानपत्राखाली दोन कागद सापडले. दोन्हींच्या कोपऱ्यात हसरा दात. एक वेगासचा होता, घड्या पडून मऊ झालेला. दुसऱ्यावर त्याच काळ्या मार्करनं वर लिहिलं होतं, 'उजूच्या घरी'.

मी पलंगावर बसून वाचला. सकाळी साडेआठ ते दहा तिची मीटिंग असते, मिक्सर लावायचा नाही, देवाची घंटा त्याआधी. फोडणीआधी पंखा लावायचा, धुराचा अलार्म वाजला तर घाबरायचं नाही, टॉवेलनं वारा घालायचा. डिशवॉशरमधली भांडी परत हातानं धुवायची नाहीत, निदान तिच्यासमोर नाही. रियाच्या दारावर टकटक करायची. जावयांना अजून वाढू का म्हणून दोनदाच विचारायचं. तिनं काही ठरवलं असलं तर बरं म्हणायचं. आणि सगळ्यांत खाली, कंटाळा आला तर तिला सांगायचं नाही, तिला अपराधी वाटतं. मला फोन करायचा.

ती शेवटची ओळ मी किती वेळा वाचली, सांगत नाही. माझी आई माझ्या घरात नवख्या प्रवाशासारखी राहिली होती, आणि कसं राहायचं ते तिनं शेजारणीला विचारून घेतलं होतं. तिचं ते गोड वाटणारं बरं या कागदावर लिहिलेलं होतं.

कागद उलटा करून ठेवणार, तर मागे बॉलपेनानं एक ओळ होती. अक्षर आईचं. तिरकं, वेलांट्या लांब ओढलेल्या. "उजू चिडली तर काही बोलायचं नाही, आधी खायला द्यायचं. लहानपणापासून भूक लागली की चिडते."

मला तो लाडू आठवला.

त्याच आठवड्यात कळलं, की शैलाताई सनीव्हेल सोडताहेत. त्यांचा मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॉरिसव्हिलला असतो, तिकडं त्यानं मोठं घर घेतलं होतं आणि आईला कायमचं बोलावलं होतं. सामान ट्रकनं पुढं गेलं. एअरपोर्टला कोण सोडणार, यावर आमच्या ग्रुपवर चढाओढ लागली. मी लिहिलं, "मी सोडते." मला त्यांच्याशी भांडायचं होतं, आणि गाडी चालू असताना त्यांना उतरून जाता आलं नसतं.

फ्रीवेला लागल्यावर मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. "अगं बाई. हा राहिला होय."

"तुम्ही माझ्या आईला सांगितलंत की कंटाळा आला तर मला सांगू नकोस?"

"होय."

"का? मी तिची मुलगी आहे. मला तिनं सांगायला नको?"

शैलाताईंनी कागदाची घडी घातली. "त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं बघ मला. शैला, लेकीकडं कसं राहू, तिला जड नाही व्हायचंय. मला जे दिसलं ते मी लिहिलं. तुझं दार बंद असायचं. दार वाजव, असं लिहायला पाहिजे होतं. चुकलंच माझं."

मी भांडण पाठ करून आले होते, पण त्याच्यात समोरचा चूक कबूल करेल हे धरलेलं नव्हतं. मी तावातावानं म्हटलं, "तुम्हाला ती सगळं सांगायची."

"सगळं म्हणजे तुझंच की गं. उजू दुसरीत असताना, उजू दहावीला असताना. मला पत्त्यांचं एकदाच बोलल्या. बाकी सहा महिने मी तुझंच ऐकलं. मला काही बोलूच द्यायच्या नाहीत." त्या किंचित हसल्या. "कंटाळा यायचा कधीकधी."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण लगेच दुसरा विचार आला, की माझी दुसरी आणि माझी दहावी आईच्या तोंडून ऐकायला मिळाली ती या बाईला.

मी गाडी पार्क करून आत गेले. सिक्युरिटीच्या रांगेआधी एक बाक होता, तिथं त्या टेकल्या. विमानाला भरपूर वेळ होता. बोर्डिंग पास त्यांनी तीनदा काढून बघितला आणि तीनदा पर्समध्ये ठेवला. मग पर्समधून पॅड आणि मार्कर काढून माझ्यापुढं धरला.

"काय?"

"सून तुझ्याच वयाची आहे. तुझ्यासारखीच दार लावून काम करते," त्या म्हणाल्या. "मला कधी कुणाच्या घरी राहायची सवय नाही. लिहून दे."

मी त्यांच्याकडे बघितलं. पंधरा वर्षं ते गाव एकटीनं पालथं घातलेली, साताऱ्याच्या आजोबांना न हलता बसायला शिकवलेली ही बाई. पॅड धरलेला हात त्यांनी मागे घेतला नाही. मला एक क्षण फार आनंद झाला. तो चांगला आनंद नव्हता. मग मी मार्कर घेतला.

मोठ्या अक्षरांत लिहिलं. दार बंद असलं तरी वाजवायचं. कंटाळा आला तर सुनेलाच सांगायचं, तिला वाईट वाटलं तर वाटू दे. प्रत्येक गोष्टीला बरं म्हणायचं नाही. मनात काही खेळायचं असेल तर पहिल्या आठवड्यात सांगायचं. पुढं सुचेना. मग खाली लिहिलं, सून चिडली तर आधी खायला द्यायचं.

शैलाताईंनी कागद हातात घेऊन वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काकूंचं आहे," त्या म्हणाल्या.

"माझ्या आईचं आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, माझ्या गालाला हात लावला आणि करडे बूट वाजवत रांगेत गेल्या. मी काचेपाशी थांबले. रांगेत उभ्या उभ्या त्यांनी कागद पुन्हा उघडला, ओठ हलवत वाचू लागल्या. पुढची माणसं सरकली, मध्ये जागा पडली. त्या हलल्या नाहीत. मागच्या माणसानं काही म्हटलं, तरी हलल्या नाहीत. मग त्यांनी मान वर करून इकडंतिकडं बघितलं, युनिफॉर्ममधला एक माणूस शोधला आणि त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.